माकडतापाची नवी लस घडवणाऱ्यांस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून खुले पत्र

प्रति,
माकडतापाच्या नव्या लसीचा आराखडा, चाचणी आणि पुरवठा ज्यांच्या हातात आहे त्या सर्व शास्त्रज्ञांस, अधिकाऱ्यांस आणि लोकप्रतिनिधींस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या वाड्यावर डीएमपी तेलाच्या बाटल्या वाटल्या. रानात जाताना गोचीड लागू नये म्हणून हातापायांना चोळायचं ते तेल. आईने बाटली घेतली आणि वाटायला आलेल्या मुलीला विचारलं, "बाय, ती सुई कधी येतली?" मुलगी जरा घुटमळली. "येतली म्हणतात, काकी." तिच्याकडे दुसरं उत्तर असणार तरी कुठून? तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. म्हणून आईचा प्रश्न मी तुम्हाला विचारते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असा विचारते आहे.

मी सत्तरी तालुक्यातली. वडिलांची काजूची बाग, घरामागे थोडं कुळागर. शाळा मराठीत झाली, पुढे फार्मसी शिकले, आणि आज अकरा वर्षं एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते आहे. औषध कुपीत भरलं जातं तेव्हा काय असतं आणि रुग्णापर्यंत पोचतं तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, हे पाहणं माझं रोजचं काम. लस मी बनवत नाही, पण लसीबद्दलचे कागद मला वाचता येतात. वडील आजारी पडल्यानंतर मी ते वाचायला लागले.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला. आमच्या सत्तरीत तो २०१५ मध्ये पाली गावात दिसला. रानात माकडं मरायला लागली की माणसांनी जपायचं, हे तेव्हापासून आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. वाकून, पातेरा बाजूला सारत, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीने एकेक बोंड उचलायचं आणि डब्यात टाकायचं. हा रोग पसरवणारी गोचिडीची पिल्लं त्याच पातेऱ्यात असतात, तिळापेक्षा बारीक. आमचं पोट आणि हा रोग एकाच जमिनीवर, एकाच महिन्यांत येतात.

वडिलांनी २०१७ मध्ये लसीचा पहिला डोस घेतला. शिबिर फेब्रुवारीत लागलं, बोंडं पडायला लागल्यावर. दंड सुजला, चार दिवस हात वर होईना. उजवा हात, काठीचा हात. महिन्याने दुसऱ्या डोसाची तारीख आली तेव्हा मार्चचा मध्य होता. कोळंबीत, म्हणजे बोंडं तुडवायच्या जागेत, बोंडं मळून नीरो, म्हणजे त्यांचा रस, गाळला जात होता, भट्टी दिवसरात्र पेटलेली होती. ते गेले नाहीत. "परत चार दिवस हात गेला तर बोंडं कोण वेचणार?" म्हणाले. मीही आग्रह धरला नाही. त्याची बोच मला आजही आहे.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांना ताप आला. कपाळावर कुणीतरी दगड ठेवलाय म्हणायचे. डोळे लाल, अंगाला हात लावू देईनात. बारा दिवस इस्पितळात काढले, ताप उतरला, आम्ही घरी आणलं आणि सुटलो म्हटलं. आठवड्याभराने तो उलटून आला. या रोगात काही जणांना असा दुसरा फेरा येतो आणि तो डोक्यावर, मज्जासंस्थेवर जातो. वडिलांचे हात थरथरायला लागले. तो सगळा पावसाळा पाण्याचा पेला ते दोन्ही हातांनी धरून प्यायचे. ते वाचले. पलीकडच्या वाड्यातली काकी वाचली नाही. या रोगात शंभरातले तीन ते पाच दगावतात असं पुस्तकं सांगतात. आमच्या पंचक्रोशीत त्या आकड्याला चेहरा आहे.

नंतर मी वाचलं की कर्नाटकातल्या अनुभवावरून त्या लसीचा एक डोस जवळजवळ निरुपयोगी ठरला होता. दोन डोसांनी साधारण ६२ टक्के संरक्षण, वर बूस्टर घेतला तर ८३ टक्क्यांच्या आसपास. आणि वेळापत्रक असं की महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पाच वर्षं दर वर्षी एकेक. बागेत राबणाऱ्या कुठल्या माणसाने हे पुरं केलं असेल? शेवटी २०२२ मध्ये, लसीत पुरेसा जोर नाही म्हणून, ती थांबवण्यात आली. थांबवली ते बरोबरच केलं. पण तिच्या जागी आमच्या हातात आलं ते तेल.

आमच्याकडे शिमग्यात देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. उणंदुणं काढायला नव्हे, तर काय हवं ते स्पष्ट बोलायला. त्याच रीतीने माझी गाऱ्हाणी मांडते.

पहिलं गाऱ्हाणं तुमच्या मौनाचं. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि हैदराबादची एक कंपनी मिळून नवी लस तयार करत आहेत असं जाहीर झालं आहे. त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या लसीत काय आहे, किती डोस आहेत, कुठल्या वयाला चालेल, चाचणीत गोवा आहे की नाही, यातलं एक अक्षर आमच्या भाषेत आमच्या वाड्यापर्यंत आलेलं नाही. ज्यांच्या दंडात सुई जाणार त्यांना सर्वांत शेवटी कळावं, हे मला मान्य नाही.

दुसरं गाऱ्हाणं मोठं आहे आणि त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. लस शरीराच्या लक्षात कशी आणून द्यायची, याचं शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत कुठल्या कुठे गेलं. ते सगळ्यांच्या रोगांना लागलं, आमच्या रोगाला लागलं नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या गावचे लोकही हे वाचणार आहेत. विषाणूचं नुसतं एक प्रथिन पाण्यात मिसळून टोचलं, तर बहुतेक वेळा शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. मीठ पाण्यात विरावं तसं ते पसरतं आणि निघून जातं. आपल्या शरीरात पहारा देणाऱ्या पेशी आहेत, त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी त्या १९७३ मध्ये ओळखल्या आणि २०११ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. या पेशी कण गिळतात. जंतू हे कणच असतात, म्हणून कणाच्या आकाराची वस्तू दिसली की त्या सावध होतात. तेच प्रथिन एखाद्या सूक्ष्म कणावर बसवून दिलं की चित्र पालटतं. कण साधारण २० ते २०० नॅनोमीटरचा असेल तर तो लसिकेच्या, म्हणजे अंगात झिरपणाऱ्या द्रवाच्या, वाटेने स्वतःच गाठीपर्यंत पोचतो, जिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी जमलेल्या असतात. त्याहून मोठा असेल तर पहारेकरी पेशी त्याला उचलून तिथे नेतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय कणावर तेच प्रथिन ओळीने, दाटीवाटीने बसलेलं असतं, त्यामुळे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीला ते एकाच वेळी दहा ठिकाणी पकडता येतं. ही पकड तिच्यासाठी पक्की खूण असते. आणि त्याच कणात धोक्याचा इशारा देणारा पदार्थही घालता येतो, म्हणजे ओळख आणि इशारा दोन्ही एकाच पेशीच्या हाती एकाच वेळी पडतात.

हे कागदावरचं नाही. गोव्यात इस्पितळात जन्मलेल्या बाळाला पहिल्या २४ तासांत हिपॅटायटिस बीची, म्हणजे एका प्रकारच्या काविळीची, जी लस देतात, ती म्हणजे यीस्टमध्ये बनवलेले २२ नॅनोमीटरचे पोकळ कण. ही लस १९८६ पासून वापरात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस तशीच आहे. विषाणूचं एकच प्रथिन घेतलं की ते आपोआप जुळून विषाणूसारखा चेंडू बनतो, आत काहीही नाही. २००६ मध्ये ती तीन डोसांची लस म्हणून आली आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींना एक डोसही पुरे म्हटलं. त्या दाट, शिस्तबद्ध कणाला याचं मोठं श्रेय जातं. मलेरियाची आर२१ लस काविळीच्या त्याच कणावर मलेरियाचं प्रथिन बसवून केली आहे, आणि सोबत मॅट्रिक्स-एम नावाचा पिंजऱ्यासारखा कण आहे, सुमारे ४० नॅनोमीटरचा, चिलीतल्या एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून केलेला. हीच पिंजऱ्याची कल्पना १९८४ पासून माहीत आहे आणि घोड्यांच्या फ्लूच्या लसीतही ती वापरतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर२१ ची शिफारस केली. ती पुण्यात बनते आणि आफ्रिकेतल्या लेकरांना मिळते. मिळायलाच हवी. पण पुण्याहून रात्रीची बस धरली तर सकाळी गोव्यात उतरता येतं. तेवढ्याच अंतरावर हे ज्ञान असताना सत्तरीच्या वाट्याला फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची, जोर उरलेला नसलेली लस इतकी वर्षं का आली?

तुमच्यातले जाणकार म्हणतील की मारलेला विषाणू हाही कणच आहे, ५० नॅनोमीटरच्या आसपासचा. बरोबर आहे. पण फॉर्मेलिन विषाणूला मारताना त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकमेकांत बांधून टाकतं, आणि ज्या आकाराची शरीराने ओळख ठेवायची तोच आकार काही प्रमाणात बिघडू शकतो. शिवाय मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळे जिवंत विषाणूसारखी आरोळीही देत नाही. ती आरोळी बाहेरून द्यावी लागते, म्हणजे चांगला सहायक पदार्थ लागतो. आणि असली लस करायची तर जिवंत, घातक विषाणू कडेकोट प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो. याच कुळातल्या जपानी मेंदूज्वराच्या आणि युरोपातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराच्या विषाणूंवर हे दिसून आलेलं आहे की त्यांची प्रीएम आणि ई ही दोन प्रथिनं पेशीत एकत्र बनवली की ती स्वतःहून छोटे, पोकळ, निरुपद्रवी कण तयार करतात. माकडतापाचा विषाणू त्यांचा चुलतभाऊ आहे. मग ही वाट आमच्यासाठी कोण चालून बघणार?

त्या युरोपातल्या चुलतभावाबद्दल आणखी एक. ऑस्ट्रियात त्यावरची लस १९७६ मध्ये आली. तीही मारलेल्या विषाणूचीच, पण ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेली. १९८१ पासून तिथे मोहीम चालवली आणि रोग झपाट्याने खाली आला. तिथले लाकूडतोडे आणि आमचे बोंडं वेचणारे यांच्या रक्तात काही फरक नाही.

तिसरं गाऱ्हाणं वेळापत्रकाचं. ते वर वडिलांच्या गोष्टीत आलंच आहे. लस कितीही चांगली असो, फेब्रुवारीत शिबिर लावलंत तर माणसं येणार नाहीत, आणि मग अहवालात "लोकांचा निरुत्साह" असं लिहिलं जाईल. ते शब्द आमच्याबद्दल कुणी लिहू नयेत.

चौथं थंडीचं, आणि इथे मी माझ्या धंद्यातलं बोलते. ॲल्युमिनियमचे क्षार लसीत १९२६ पासून आहेत. ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी वापरून पाहिली, तेव्हापासून. स्वस्त, पारखलेला, सुरक्षित पदार्थ. पण अशी लस गोठली की ती गेली. आमच्या कॉलेजात सरांनी हे करून दाखवलं होतं. एकाच खोक्यातल्या दोन कुप्या. एक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेली, दुसरी दोन ते आठ अंशांत. गोठलेली वितळू दिली, दोन्ही जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवातीला दोन्ही दुधाळ, काही फरक नाही. अर्ध्या तासात पहिलीत फाटलेल्या दुधासारखा चोथा तळाला बसला आणि वर स्वच्छ पाणी. दुसरी तशीच धूसर. कुपीवरची उष्णता दाखवणारी खूण मात्र दोन्हींवर सारखीच ठीक होती, कारण ती गोठणं दाखवतच नाही. बर्फाच्या पिशव्या थेट फ्रीझरमधून काढून डब्यात भरल्या की हे रस्त्यात घडतं, आणि टोचणारीला कळतही नाही. उलट बाजूला वाड्यावरचा एप्रिल आहे आणि वीज गेलेली दुपार आहे. तेव्हा आमच्या लसीला उष्णता आणि गोठणं दोन्ही सोसता आलं पाहिजे. पुण्याच्याच एका कंपनीची कोविडची एमआरएनए लस २०२२ मध्ये मंजूर झाली. तिच्यात मेदाच्या सूक्ष्म कणांवर बसवलेला एमआरएनए आहे, आणि ती गोठवून सुकवलेली असल्यामुळे साध्या दोन ते आठ अंशांत राहते. परदेशातल्या त्याच जातीच्या पहिल्या लसीला उणे ७० अंश लागत होते. मनावर घेतलं तर इथल्या हवामानाची लस इथे होते, याचा हा पुरावा आहे.

आता मागण्या.

नव्या लसीत कुठला सहायक पदार्थ आहे, तो का निवडला आणि दुसरे कुठले तपासून सोडले, हे मराठीत आणि कोकणीत जाहीर करा. मारलेला विषाणू आणि तुरटी एवढ्यावर थांबू नका. सध्याचं काम अडवा असं मी म्हणत नाही. ते पुढे न्याच, कारण पुढच्या हंगामातही माणसं रानात जाणार आहेत. पण त्याच्या बरोबरीने विषाणूसदृश कणाच्या लसीला पैसा द्या. या रोगाला मोठा बाजार नाही, म्हणून खाजगी कंपनी स्वतःहून यात उतरणार नाही. तो पैसा सरकारनेच द्यायचा आहे. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडू, जिथे जिथे हा ताप आहे त्या राज्यांनी मिळून तो उभा करावा. आमच्या आमदारांनी विधानसभेत हे नाव घेऊन विचारावं.

प्राथमिक डोस दोनांहून जास्त नकोत, आणि दोन्ही नोव्हेंबरच्या आत पुरे व्हावेत. बूस्टर लागणार असेल तर तोही पावसाळ्यात. दर वर्षी सुई हे वेळापत्रक मांडूच नका.

चाचणीत सत्तरीची माणसं असू द्या. गोव्यातल्याच बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पासूनची आहे, तिथे हे काम होऊ शकतं. संमतीचा कागद आमच्या भाषेत असावा आणि तो वाचून दाखवणारा माणूस रानातलं काम जाणणारा असावा. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांनाही घ्या. बोंडं वेचणाऱ्यांत तेच जास्त आहेत, आणि वयाबरोबर लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. नागिणीवरची जी लस २०१७ मध्ये आली ती मेदाच्या कणांत दोन सहायक पदार्थ घालून केली आहे, आणि पन्नाशीपुढच्या माणसांत तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. म्हाताऱ्या शरीरालाही कणाची भाषा समजते, हे त्यावरून कळतं.

लसीच्या प्रत्येक बॅचच्या जोराची तपासणी लोकांसमोर ठेवा. माझ्या कारखान्यातून एक गोळीही अशा कागदाशिवाय बाहेर पडत नाही.

आणि दुखण्याबद्दल खरं बोला. सहायक पदार्थ जोरदार असला की दंड जास्त दुखतो, एखादा दिवस तापही येतो. त्या नागिणीच्या लसीचाही हाच अनुभव आहे. आम्हाला हे आधी सांगितलंत तर आम्ही सोसू. माझ्या वडिलांनी दुसरा डोस सोडला तो भीतीने नाही, हिशेबाने सोडला. किती दिवस दुखेल आणि न घेतल्यास काय होईल हे दोन्ही कुणी समजावून सांगितलं असतं, तर त्यांनी हिशेब वेगळा केला असता. टोचल्यानंतरच्या दोन दिवसांची मजुरी द्यायचीही सोय करा. तेलाच्या बाटल्यांना पैसे मिळतात, तर याला का मिळू नयेत?

हे पत्र लिहून झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवलं. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी अजून तेच घेतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चाचणीचा कागद आला तर माझं नाव दे, फक्त दसऱ्याच्या सुमारास बोलवायला सांग. एकदा होऊन गेलेल्याला बहुधा घेणार नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "मग तुझ्या भावाचं दे."

भावाचं नाव मी देते आहे. तो चौतीस वर्षांचा आहे, डिसेंबर ते मे रोज रानात असतो. तारीख तुम्ही कळवायची आहे.

आपली नम्र,
सत्तरीतल्या एका काजूवाल्याची मुलगी